काळुरामने मांडलेला खेळ

सुनेच्या वाढदिवसाला काळुराम आणि इंदुबाई रोह्याला गेले होते. त्यांचा मुलगा प्रविण धाटावला एका कंपनीत कामाला होता आणि बायकोला, नमिताला घेऊन रोह्यातच भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होता. त्या दिवशी दुपारची शिफ्ट असल्यामुळे त्यानं सकाळीच बायकोसाठी एक खेळ मांडला. चहाच्या कपाखाली चिठ्ठी, चिठ्ठीत कोडं, कोड्याचं उत्तर तांदळाचा डबा. डब्यात पुढची चिठ्ठी. मग गच्ची, मग जिन्याखालची सायकल, असं करत करत नमिता शेवटी शेजारणीच्या फ्रीजपाशी पोचली, तेव्हा आत केक होता आणि केकच्या खोक्यावर निळ्या खड्यांची कानातली. धावपळीत तिचा अंबाडा सुटला होता आणि नवऱ्याकडे बघून ती नुसती हसत होती.

इंदुबाई भिंतीला टेकून हे सगळं बघत होती. खेळ संपल्यावर ती म्हणाली, "आमाला कोनी असं शोधायला नाय लावलं."

तिनं ते सहज म्हटलं होतं, थट्टेनं. प्रविण हसला, नमिताही हसली. मग केक कापला, जेवणं झाली आणि ती गोष्ट तिथंच राहिली. संध्याकाळी पेणच्या गाडीत बसल्यावर इंदुबाई खिडकीला डोकं टेकून झोपून गेली. काळुरामला मात्र नागोठणं मागं पडेपर्यंत तेच वाक्य ऐकू येत होतं.

काळुराम साठी ओलांडलेला माणूस. पेणच्या खाडीकाठी त्याचं गाव. तरुणपणी नवराबायको दोघं मिठागरात राबली. पुढं मिठागर बंद पडलं, त्या जागी लोकांनी कोळंबीचे तलाव केले, आणि काळुराम जोहे गावातल्या एका गणपती कारखान्यात जायला लागला. तयार मूर्ती गवतात नीट बांधून टेम्पोत चढवायची हे त्याचं काम. गणपती गेले की कारखान्यात कुणी विचारत नसे, त्यामुळे थंडीचे दिवस त्याला मोकळे. इंदुबाईचं उलट होतं. ऊन कोरडं पडलं की तिच्या कामाला सुरुवात व्हायची. पेणला बायकांच्या एका गटात ती पोह्याचे पापड लाटायला जायची.

दोन दिवस विचार करून काळुराम खाडीच्या बांधावर गेला, कारण तिथं रेंज चांगली यायची आणि ऐकायला कुणी नसायचं. तिथून त्यानं सुनेला फोन लावला. सासऱ्याचा स्वतःहून फोन आलेला बघून नमिता घाबरलीच. मग त्यानं अडखळत सांगितलं की प्रविणनं मांडला तसला खेळ त्याला इंदूसाठी मांडायचा आहे, पण कसा मांडतात ते ठाऊक नाही. ते ऐकून नमिताची भीती पळाली. मग एकदम उत्साहात तिनं चिठ्ठ्या कशा लिहायच्या ते समजवायला सुरुवात केली. काळुरामनं तिला थांबवलं.

"तिला वाचता कुटं येतं गो?"

हे नमिताच्या लक्षातच आलं नव्हतं. मग दोघांनी मिळून ठरवलं की चिठ्ठ्यांच्या जागी वस्तू ठेवायच्या. वस्तू बघून जागा ओळखायची आणि त्या जागी जायचं. काळुरामला ते पटलं. शेवटी नमितानं विचारलं, खजिना काय ठेवणार? त्याचं उत्तर काळुरामकडं तयार होतं. खाली बसून पापड लाटताना इंदूचे गुडघे धरत, म्हणून त्यानं सुताराला एक उंच पाट करायला सांगितला होता.

"बाबा," नमिता म्हणाली, "पाट द्या त्यांना, पण तो असाच द्या. खजिन्यात कामाची वस्तू ठेवायची नाही. आईंना आवडतं ते ठेवायचं. काय आवडतं त्यांना?"

 काळुरामनं रेंज जात्येय असं सांगून फोन ठेवला.

त्या दिवसापासून तो बायकोकडं बघायला लागला. म्हणजे तिच्याकडं लक्ष देऊन बघायला लागला. तेव्हा त्याला कळलं की माशाचं डोकं ती कायम नवऱ्याच्या ताटात वाढते, तर तिला स्वतःला ते आवडतं की नाही हेच आपल्याला माहीत नाही. लुगड्याचा रंग कोणता आवडतो तेही सांगता आलं नसतं. बाजारात ती कुठं रेंगाळते ते बघायला म्हणून तो पिशवी धरायच्या निमित्तानं तिच्याबरोबर पेणला गेला. ती कुठंही रेंगाळली नाही. वांगी घेतली, मिरच्या घेतल्या, घासाघीस केली आणि परत मिनीडोर रिक्षात येऊन बसली. रात्री जेवताना तो तिच्याकडं बघत होता, तर तिनं हात पुढं करून त्याच्या कपाळाला लावून बघितला.

"बरं नाय का वाटत तुमाला? चार दिस झाले, नुसते बगत बसता."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्याला गवती चहा आणि आल्याचा काढा करून दिला आणि तो पिईपर्यंत समोर उभी राहिली.

शेवटी त्यानं धोंडुबाईला गाठलं. धोंडुबाई पापडाच्या गटातली सगळ्यांत जुनी बाई, इंदुबाईची जिवाची मैत्रीण आणि जिभेची तिखट. एवढ्या वर्षांत बायकोला काय आवडतं ते आज विचारायला आलास का, असं तिनं पहिल्यांदा सुनावून घेतलं. काळुराम खाली मान घालून उभा राहिला. ते बघून ती जरा निवळली आणि तिनं एक गोष्ट सांगितली.

पापड वाळत घालायला बायका गच्चीवर जायच्या. तिथून खालचा रस्ता दिसायचा. शाळेच्या मास्तरणी, बँकेतल्या पोरी, भाजी घ्यायला निघालेल्या बायका, सगळ्या स्कूटीवरून जायच्या आणि इंदुबाई हातातला पापड तसाच धरून त्यांच्याकडं बघत राहायची. एक डाव तरी चालवून बघायला पाहिजे, असं ती कितीदा म्हणाली होती. एकदा तर खाली अंगणात कुणाची तरी स्कूटी उभी होती, त्यावर चढून बसली. दोन्ही मुठी धरल्या, आरशात स्वतःचं तोंड बघितलं. तेवढ्यात मालकीण आली, तेव्हा पदरानं सीट पुसल्यासारखं करून ही उतरली.

काळुरामला हे सगळं एखाद्या दुसऱ्याच बाईबद्दल ऐकल्यासारखं वाटलं. तो स्वतः साधी सायकलसुद्धा कधी शिकला नव्हता. दोन चाकांवर माणूस सरळ उभं कसं राहतं ह्याचंच त्याला भय होतं.

नमिताकडं स्कूटी होती. तिनं ऐकलं तेव्हा फोनवरच टाळी वाजवली. नदीकाठच्या मैदानावर सकाळी मोकळं असतं, तिथं आईंना चालवायला शिकवायची, स्कूटीला झेंडूचा हार घालायचा, असं तिनं भराभर ठरवूनही टाकलं. प्रविणला हे कळलं तेव्हा आई पडली तर काय, म्हणून तो कुरकुरला. पडली तर उचलू, असं सांगून नमितानं त्याला गप्प केलं.

मग खेळाची आखणी झाली. पहिली खूण खडं मीठ. ते बघून इंदूनं जुन्या मिठागराच्या बांधावर जायचं, कारण नवी नवरी म्हणून आल्यावर ती पहिल्यांदा त्याच्याशी मोकळेपणी बोलली ती तिथं. बांधावरच्या तिवराच्या फांदीला दुसरी खूण टांगलेली असेल, काचेची बांगडी. बांगडी बघून तिनं पेणच्या कासाराच्या दुकानात यायचं, कारण लग्नाचा चुडा त्याच दुकानात भरला होता. तिथं काळुराम स्वतः बसलेला असेल, नमितानं पाठवून दिलेली तिच्या स्कूटीची जादा चावी घेऊन. मग दोघांनी मिळून रोह्याची गाडी पकडायची.

बांगडी कुठल्या रंगाची घ्यायची ह्यावर त्याचा बराच वेळ गेला. लग्नाचा चुडा हिरवा, तेव्हा खरं तर हिरवीच पाहिजे होती. पण इंदूच्या हातात रोज हिरव्याच बांगड्या असत. हिरवी बांगडी दिसली तर कुणाची तरी पडली असेल म्हणून ती उचलील आणि सरळ हातात घालील, अशी त्याला भीती वाटली. म्हणून त्यानं लाल घेतली.

रविवारची सकाळ उजाडली. काळुराम अंधारातच बांधावर जाऊन बांगडी टांगून आला होता. खडं मीठ त्यानं कोऱ्या फडक्यात बांधलं आणि चुलीशेजारी, तिच्या हाताशी येईल असं ठेवलं. मग तो ओटीवर बसून वाट बघायला लागला. आतून भांड्यांचा आवाज आला, फोडणीचा वास आला, आणि बराच वेळ झाला तरी इंदुबाई काही बाहेर येईना. तो उठून आत गेला. फडकं रिकामं, झटकून दोरीवर टाकलेलं होतं आणि मीठ बोंबलाच्या कालवणात गेलं होतं.

"ती खून होती गो," काळुराम म्हणाला.

"कसली खून?"

आता सांगण्यावाचून इलाज नव्हता. प्रविणनं नमितासाठी केलं तसंच आहे, मीठ बघून तुला एका जागी जायचं होतं, असं त्यानं खाली बघत सांगितलं. इंदुबाईच्या हातात पळी होती. ती तशीच धरून ती त्याच्याकडं बघत राहिली. हसेल असं त्याला वाटलं होतं, पण ती हसली नाही. तिनं कालवण उतरवलं, चुलीतली लाकडं मागं ओढली आणि आतल्या खोलीत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या अंगावर दिवाळीची साडी होती आणि केसांना तेल लावून चापून वेणी घातलेली होती.

"आता पुडचं सांगू नका," ती म्हणाली. "माजं मी बगते."

ती पाठमोरी बांधाच्या वाटेला लागलेली बघून काळुराम आनंदानं पेणला जाणाऱ्या मिनीडोरमध्ये बसला.

कासाराच्या दुकानात त्यानं आधी सांगून ठेवलं होतं. कासारानं त्याला स्टूल दिलं, चहा मागवला. काळुराम चावी मुठीत धरून रस्त्याकडं तोंड करून बसला. बाजाराचा दिवस नव्हता तरी वर्दळ होती. प्रत्येक येणारी बाई त्याला लांबून इंदूच वाटायची. बांधावरून गावात यायचं, मग गाडी मिळायची, म्हणजे उशीर होणारच, असं तो आधी स्वतःला आणि मग कासाराला सांगत राहिला. दुसरा चहा झाला. ऊन दुकानाच्या पायरीवरून सरकून आत आलं. कासारानं जेवायला म्हणून अर्धं शटर ओढलं, तेव्हा काळुरामनं खिशातून फोन काढला.

त्यानं इंदूला फोन लावला. फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. परत लावला. मग तो तसाच उठला आणि गावाकडं परत निघाला.

घराला कुलूप होतं. दाराशी उभं राहून त्यानं पुन्हा फोन लावला, तर फोन आतच वाजत होता. शेजारी कुणाला ती परत आलेली दिसली नव्हती. काळुराम बांधाकडं झपाझप चालायला लागला आणि थोड्या वेळानं चक्क पळायला लागला. भरती चढत होती. बांधाच्या दोन्ही अंगांना पाणी होतं आणि उघाडीजवळ, जिथनं खाडीचं पाणी आत घेतात, तिथं तर ते गरागरा फिरत होतं. ह्या बांधावर तिचं सगळं तरुणपण गेलं होतं, डोळे मिटूनही ती इथून चालत गेली असती. तरी त्याची नजर पाण्यावरून हलेना. कशाला हा पोरखेळ मांडला, असं त्याला झालं.

तिवराची फांदी रिकामी होती. बांगडी कुणीतरी नेली होती.

पलीकडच्या तलावावर जनू जाळं नीट करत बसला होता. कोळंबीचा तो तलाव त्याचाच. काळुरामनं हाक मारून विचारलं, तेव्हा जनूनं शांतपणे सगळं सांगितलं. वहिनी सकाळी आली होती. फांदीवरची बांगडी काढून हातात घेतली आणि तिथंच दगडावर बसली. पुष्कळ वेळ बसली. एकटीच हसत होती, मधेच डोळे पुसत होती. मग उठली आणि हायवेकडच्या वाटेनं गेली. जनूचा भाऊ नाक्यावर होता, त्यानं तिला महाडच्या गाडीत बसताना बघितलं.

"काय बोलली का?" काळुरामनं विचारलं.

"म्हनली, कोनी विचारलं तर सांग, मला वलखली बांगडी."

महाडची गाडी. काळुराम त्याच दगडावर बसला, ज्यावर ती बसली होती. महाडच्या वाटेवर तिचं माणूस एकच होतं, खांब गावात, तिच्या माहेरी, भावजय शांती. आणि लाल बांगडी. मग त्याला आठवलं. लाल बांगड्या त्यानं आयुष्यात ह्याआधी एकदाच विकत घेतल्या होत्या.

तेवढ्यात नमिताचा फोन आला. दोघं अजून कशी पोचली नाहीत म्हणून ती काळजीत होती. त्यानं थोडक्यात सांगितल्यावर ती म्हणाली की शांतीमामींना आत्ता फोन करून विचारते.

"नको," काळुराम म्हणाला. "फोन नको करूस. मीच जातो."

गाडी मिळाली, पण हायवेचं काम चालू असल्यामुळे ती रखडत निघाली. धुळीनं खिडक्यांच्या काचा पांढऱ्या झाल्या होत्या. काळुराम उभाच होता, जागा असून.

लग्नाचं पहिलंच वर्ष होतं ते. मिठागरात खाऱ्या पाण्यात उभं राहून इंदूच्या पायांना भेगा पडल्या आणि त्या चिघळल्या, म्हणून तो तिला माहेरी सोडून आला होता. पाय बरे झाल्यावर आणायला गेला, तर तिचा थोरला भाऊ दारात आडवा उभा राहिला. बहिणीचे पाय त्यानं बघितले होते. तिला परत मिठात उभी करायची नाही, असं त्यानं साफ सांगितलं. काळुरामला बोलायला कधीच जमत नसे. तो मागं फिरला आणि देवळासमोरच्या पारावर जाऊन बसला. हातात लाल बांगड्यांचा जोड होता. वाटेत फेरीवाला भेटला होता आणि त्याच्याकडं हिरव्या संपल्या होत्या. चैत्राचं ऊन, पारावरच्या झाडाला नुकतीच पालवी फुटलेली, सावली म्हणून नव्हती. तो बसून राहिला. मध्ये गावातली जाणती माणसं त्या घरात गेली, बऱ्याच वेळानं बाहेर आली, आणि दिवस कलताना इंदू गाठोडं घेऊन आली.

माणसांनी समजावलं म्हणून ती आली, हे त्याला तेव्हाच कळलं होतं. म्हणजे कळलं होतं असं तो इतकी वर्षं धरून चालला होता. तिला तो दिवस आठवू नये म्हणून त्यानं कधी त्याचं नाव काढलं नाही. लाल बांगडी घेताना तर तो दिवस त्याच्या मनातही आला नव्हता.

खांबला उतरला तेव्हा उन्हं तिरपी झाली होती. देवळासमोरचा पार आता सिमेंटनं बांधून काढलेला होता, कडेनं लाद्या बसवलेल्या. त्या लाद्यांवर, दिवाळीची साडी नीट चापून, इंदुबाई बसली होती. शेजारी रिकामी कपबशी होती. त्याला बघून ती जागची उठली नाही. तो जवळ आल्यावर तिनं पदरानं शेजारची जागा झटकली.

"लय उशीर केलात," ती म्हणाली. "शांती दोनदा जेवायला बोलवून गेली. मी म्हनले, ते आले की येते. त्या दिशी तुमी पानी बी नाय पिलात. मी चहा घेतला. खोटं कशाला सांगू."

काळुराम बसला. तो अजून धापा टाकत होता.

"बरोबर वलखली ना?" तिनं विचारलं. बांगडी तिच्या हातात होती, हिरव्या बांगड्यांच्या मधोमध. "बांगडी बगितली आनि म्हनलं, आता माजी पाळी. त्या दिशी तुमी बसलेले, आज मी बसते."

"इंदू," काळुराम म्हणाला, "मी पेनला बसलेलो. कासाराकडं. मला वाटलं, चुड्याचं दुकान वलखशील."

इंदुबाईनं त्याच्याकडं बघितलं. सकाळपासून तो कुठं, ती कुठं, हे तिच्या ध्यानात आलं आणि ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. खांदे हलेपर्यंत हसली.

"चुडा हिरवा असतो वो."

"व्हय. ते चुकलं." त्यानं लादीवरून हात फिरवला. "ह्या पाराचं माज्या मनातच नाय आलं. मी मुद्दाम कदी नाव काडलं नाय. तुला लोकांनी समजावून घालवली, तुजं मन नव्हतं, मंग कशाला बोलायचं."

तिचं हसणं थांबलं. "कोनी सांगितलं तुमाला, लोकांनी घालवली?"

"गावची मानसं गेली ना घरात. मी बगत होतो हितनं."

"ती आली ती दादाची बाजू घ्यायला. पोरीला पाठवू नको म्हनाली. मंग त्यातले एक म्हातारे म्हनले, तिला तर विचारा. मला विचारलं." इंदुबाई समोरच्या घराकडं बघत होती. तिथं आता नवीन पत्रे होते, पण खिडकी त्याच जागी होती. "मी त्या खिडकीशी उभी होते सकाळपासून. तुमी भांडला नाय, कोनाला शिवी नाय दिलीत. धूळ उडायची, तवा त्या बांगड्या सदऱ्यानं पुसायचात. एकेक काडून पुसायचात आनि परत बांधायचात. मी म्हनले, मी जाते. दादा दोन वर्सं बोलला नाय माज्याशी."

काळुरामनं तोंड दुसरीकडं फिरवलं.

"लग्न आईबापांनी लावलेलं," ती म्हणाली. "तवा मला कोनी विचारलं नव्हतं. त्या दिशी विचारलं, आनि मी आले. तुमाला ठाऊक नव्हतं व्हय?"

त्यानं मान हलवली. एवढ्या वर्षांत बांधावर, चुलीपुढं, प्रविणच्या आजारपणात, कधी कधी तिच्याकडं बघताना त्याला वाटायचं, ही आपल्याकडं राहिली ती नाइलाजानं. ते तो आता तिला सांगू शकला नाही. त्यानं नुसता तिचा हात धरला, लाल बांगडीच्या वर, मनगटाला. समोरून गावातली एक म्हातारी जात होती, तिनं बघितलं. तरी त्यानं हात सोडला नाही आणि इंदुबाईनंही ओढून घेतला नाही.

शांतीनं मग दोघांना बळंच घरात नेलं आणि तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं वाढलं. जेवता जेवता इंदुबाईनं सगळी हकिकत सांगितली. सांगताना कासाराच्या दुकानातल्या स्टुलाची गोष्ट आली तशी ती पुन्हा हसली. काळुरामनं खिशातली चावी काढून तिच्यापुढं ठेवली, तेव्हा मात्र तिला काही ओळख पटेना. घराची नाही, पेटीची नाही. ही कसली, म्हणून तिनं उलटसुलट करून बघितली. त्यानं सांगितलं नाही. पुढचं सांगू नका असं तूच म्हणालीस, असं म्हणून तो भाकरी मोडत राहिला.

रोह्याला पोचेपर्यंत दिवेलागण झाली. नमिता नाक्यावरच वाट बघत उभी होती. हार सुकला होता, प्रविण शिफ्टला गेला होता आणि मैदानावर आता अंधार होता. त्यामुळे खजिना दुसऱ्या दिवसावर गेला. रात्री सासूसून आत किती तरी वेळ बोलत होत्या. काळुराम बाहेरच्या खोलीत सतरंजीवर पडल्या पडल्या झोपून गेला.

सकाळी कुंडलिका नदीवर धुकं होतं. मैदानाच्या एका टोकाला पोरं क्रिकेट खेळत होती. नमितानं स्कूटी आणून उभी केली आणि आईंनी चावी काढावी असं सांगितलं. इंदुबाईला तेव्हा कळलं. तिनं आधी चावीकडं बघितलं, मग नवऱ्याकडं.

"तुमाला कोनी सांगितलं?"

"धोंडुबाई."

"तिच्या तोंडात तीळ भिजायचा नाय," इंदुबाई म्हणाली आणि पदर खोचला.

पहिल्यांदा नमिता मागं बसली आणि तिच्या हातावर हात ठेवून मूठ पिळायला शिकवत राहिली. गाडी एकदम पुढं उसळली, दोघी ओरडल्या, पाय टेकले. दुसऱ्यांदा थोडी लांब गेली. तिसऱ्यांदा स्कूटी हळूच वाळूत आडवी झाली आणि इंदुबाईचं कोपर खरचटलं. काळुराम धावत गेला, पण तोवर ती उठून साडी झटकत होती आणि गाडीला काही झालं का ते नमिताला विचारत होती. ऊन वर येईपर्यंत ती मैदानाची एक बाजू सरळ जायला शिकली. वळायला अजून जमत नव्हतं. टोकाला जाऊन ती थांबायची, उतरायची, नमिता गाडी फिरवून द्यायची आणि ही परत यायची. येताना तिचे ओठ घट्ट मिटलेले असत आणि डोळे समोर. प्रविण शिफ्ट संपवून थेट तिथंच आला होता. आईला एकटीला येताना बघून तो फोन काढून व्हिडिओ घेत राहिला.

मग एका फेरीला ती काळुरामपाशी येऊन थांबली.

"बसा," ती म्हणाली.

काळुरामनं मुलाकडं बघितलं, सुनेकडं बघितलं. दोघंही त्याच्या मदतीला आली नाहीत. तो मागं बसला आणि दोन्ही पाय जमिनीवर टेकवून ठेवले. स्कूटी निघाली. काळुरामचे पाय दोन्ही बाजूंना वाळूत घासत होते, चपला निघायच्या बेतात होत्या आणि एका हातानं त्यानं बायकोचा खांदा घट्ट धरला होता. क्रिकेटवाल्या पोरांनी खेळ थांबवून वाट करून दिली.

"पाय वर घ्या वो," इंदुबाई पुढं बघतच म्हणाली. "मी हाय ना."

काळुरामनं पाय वर घेतले.